आवाज जुळला नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आज सकाळी साडेनऊ वाजता हैदराबादेत गौलीगुड्यातील दोन खोल्यांची किल्ली घरमालकांच्या हाती दिली आणि माझा मुलगा विक्रम याच्या बरकतपुऱ्यातील घरी कायमच्या मुक्कामास आलो. एकेचाळीस वर्षांचे बिऱ्हाड एका लहान टेम्पोत मावले आणि वर आणखी एका बिऱ्हाडापुरती जागा उरली, याचे वाटेत हसू आले. घर तिसऱ्या मजल्यावर असून माझ्या खोलीस पूर्वेची खिडकी आहे. खिडकीला लोखंडी गज व त्यावर कबुतरांसाठी जाळी आहे, तरीही उजेड भरपूर येतो. लिहिण्यास योग्य असे टेबल आहे. सूनबाई मेघना हिने अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी केली होती. मी दोन भाकरी खाल्ल्या.

नव्या घरात नवी वही असावी, म्हणून हे लेखन. मी एकनाथराव, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण. यात लाज वाटावी असे काही नाही. गौलीगुड्यातील मराठी छापखान्यात मी अडतीस वर्षे जुळारी होतो. शिशाचे खिळे एकेक उचलून त्यांतून शब्द व ओळी जुळवणे हे माझे काम. वकिलांच्या आणि प्राध्यापकांच्या मजकुरातील ऱ्हस्व-दीर्घ मी उभ्या उभ्या दुरुस्त केलेले आहेत. माझ्या हातून अशुद्ध शब्द छापून बाहेर गेला, असे एकही उदाहरण नाही.

संध्याकाळी नात तेजश्री कामावरून आली ती थेट माझ्या खोलीत. अठ्ठावीस तारखेस लातूरला तिचा साखरपुडा आहे. मुलीच्या बाजूने पहिला शब्द आबाच बोलतील, असे तिने दोन्ही घरी सांगून ठेवले आहे. "तुम्ही बोलल्याबिगर मी अंगठी घालणारच नाही, आबा," असे म्हणाली. मी काय बोलावयाचे, ते आजपासूनच जुळवावयास घेतले आहे. तीन वाक्ये पुरेशी आहेत. फार बोलणारा वडीलधारा शोभत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

या इमारतीची एक निराळीच रीत आहे. खाली कोणी आले, की रखवालदार त्यास वर सोडत नाही. घरच्या माणसाच्या फोनवर विचारणा येते, आणि पडद्यावर बोट ठेवून होकार द्यावा लागतो. ही सोय माझ्या फोनवर उतरत नाही. आज दुपारी माझा मित्र भगवंतराव भेटीस आला होता. छापखान्यात तो यंत्र चालवीत असे. आज मराठी वाचणारा माझा असा तो एकच मित्र उरला आहे. तो वीस मिनिटे फाटकावर उभा राहिला आणि मी जिना उतरेपर्यंत रिक्षात बसून गेला. घरी पोचल्यावर फोन करून म्हणाला, "एकनाथा, तुझ्या घरात शिरायला व्हिसा लागतो की काय?"

विक्रमने माझा फोन उलटसुलट करून पाहिला. साडेपाच वर्षांचा आहे. डाव्या कोपऱ्यात काचेला तडा आहे, आणि चार्जिंग दुपारपर्यंत टिकते. त्याखेरीज त्यात दोष नाही. बोलणे ऐकू येते, माझे बोलणे पलीकडे जाते. विक्रमचे म्हणणे असे, की फोन चालतो हे खरे, पण कंपनीने त्याला सोडून दिले आहे. त्याला आता अपडेट येत नाहीत.

चालत्या वस्तूला सोडून देणे म्हणजे काय, हे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "बाबा, आता ह्याच्यावर वाद नको, मीटिंग आहे."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सुलतान बाजारात जाऊन फोन दुरुस्तीवाल्यास दाखवला. त्याने पाठ उघडली, फुंकर मारली आणि नवी बॅटरी बसवली. नवा फोन घ्यावा का, असे मी विचारले. म्हणाला, "नक्को चचा. मशीन पक्का है, पाँच साल और चलता. मगर खाली इसके चलने से क्या होता? सामने वाले चलने देना ना."

माणूस अशिक्षित दिसला, पण बोलला ते नेमके.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज जेवणाच्या टेबलावर माझ्या फोनची सुनावणी झाली. फाटकाची परवानगी येत नाही, डॉक्टरांचे ॲप चालत नाही, फोटो पाठवले तर जागा नाही असे सांगतो, ही विक्रमची बाजू. "आमचं काही नाही हो बाबा, गैरसोय तुमचीच," ही मेघनाची. तेजश्री म्हणाली, "आबा, किती जिद्दी! फोन आहे, देव्हारा नाही."

मी सर्वांचे ऐकून घेतले आणि उभा राहून निर्णय सांगितला. जे चालते ते टाकू नये. मला फाटकाची परवानगी देता येत नसेल, तर मी जिना उतरून जाईन. माझे पायही चालतात.

तिघेही आपापली ताटे उचलून आत गेले. ते मला आवडले नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

निर्णय बदलावा लागला. कारण लिहून ठेवतो.

लातूरच्या मंडळींनी संध्याकाळी सहा वाजता चेहरा दिसणारा फोन लावला. होणारा नातजावई कौस्तुभ, त्याचे आईवडील आणि आणखी चार-सहा जण एका सोफ्यावर दाटीने बसले होते. मी स्वच्छ सदरा घालून, फोन टेबलावर उभा करून बोलावयास आरंभ केला. फोन तापला. माझे चित्र म्हणे तोंड उघडे असताना गोठले, आणि आवाज तुकड्या-तुकड्यांनी पोहोचला. मी तीन वाक्ये बोललो, पलीकडे एकही नीट गेले नाही. मुले खुदुखुदु हसली. कौस्तुभच्या मातोश्रींनी तेजश्रीला हळूच विचारले, की आजोबांना बोलायला त्रास होतो का गं.

ते मला स्पष्ट ऐकू आले. ऐकू येण्याची बाजू चालू होती.

जेवणानंतर विक्रमला सांगितले, आण.

बुधवार, १२ नोव्हेंबर

नवा फोन आला. काळा, जड आणि आरशासारखा. त्याची भाषा मराठीच ठेवावयाची, हा माझा आग्रह. त्यामुळे एक गंमत झाली. पडद्यावर जे मजकूर येऊ लागले, ते घरात कोणासही धड वाचता येईनात. विक्रम इंग्रजी शाळेत शिकला, मेघनाही तशीच. तेजश्री तर एकेक अक्षर चाचपडत वाचते. "आबा, कोणी वाचत नसतं हो ते, नुसतं ओके करत चला," असे तिचे मत. मी मात्र एकही ओळ वाचल्याविना बोट टेकवले नाही. मजकूर जडजंबाल होता, पण मी मोठ्याने वाचून सर्वांस अर्थ सांगितला. एके ठिकाणी लिहिले होते, 'आपण उपलब्ध नसताना आपल्या वतीने संवाद साधण्यास अनुमती द्या.' ही सभ्य व्यवस्था वाटली. कार्यालयातला शिपाई साहेबांचा निरोप घेतो, तसे. मी 'सहमत' वर बोट ठेवले.

मग त्याने माझा आवाज ओळखण्यासाठी साठ वाक्ये वाचावयास सांगितली. मी खडा आवाज लावून सर्व वाचली. तेजश्री म्हणाली, माझ्यासारखी मराठी त्याने आजवर ऐकली नसेल. हे खरे असावे.

शेवटी पडद्यावर आले, 'हस्तांतरण पूर्ण झाले. जुने साधन आता रिकामे करता येईल.' मी रिकामे केले नाही. जुना फोन टेबलाच्या खणात ठेवला आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

फोनवर बोलणे आता काचेसारखे स्वच्छ. फाटकावरची परवानगी मी स्वतः देतो.

परंतु एक लाजिरवाणी गोष्ट घडली. मी पूजेत असताना भगवंतरावाचा निरोप आला, आणि फोनने माझ्या वतीने उत्तर लिहिले, 'मि सुखरुप आहे. तुला आशिर्वाद.' एका ओळीत तीन चुका! 'मी' दीर्घ, 'सुखरूप' मध्ये रू दीर्घ, 'आशीर्वाद' मध्ये शी दीर्घ. लग्नपत्रिकेत असा आशीर्वाद गेला असता, तर मालकांनी सगळी पत्रिका पुन्हा जुळवावयास लावली असती.

चुकीच्या शब्दावर बोट दाबून धरले, की तो बदलता येतो, असा शोध लागला. बदलला की खाली येते, 'धन्यवाद. लक्षात ठेवले.' गेलेला निरोप मात्र तसाच राहतो, सुधारणा पुढच्यासाठी. मग मी त्याचे सारे लेखन तपासावयास घेतले. दोन्ही वेळच्या जेवणाचीही आठवण राहिली नाही. दीडशेहून अधिक शब्द शुद्ध केले. वाक्यांची ठेवणही सुधारली, कारण त्याला 'कृपया' कोठे घालावे आणि कोठे घालू नये, एवढेही कळत नाही. विद्यार्थी मंद नाही. एकदा सांगितलेली चूक पुन्हा करीत नाही.

फार वर्षांनी या बोटांना त्यांचे काम मिळाले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

जुना फोन खणात नाही.

विक्रमला विचारले, तर तोच चकित झाला. शनिवारी दुपारी मी त्याला कार्यालयात फोन करून सांगितले म्हणे, की जुना फोन देऊन टाक, आता त्याचा काय उपयोग. त्याने खात्री करून घेण्यासाठी पुन्हा विचारले, तेव्हा मी 'हौ' म्हणालो. शनिवारी दुपारी मी झोपलो होतो. शिवाय या शहरात साठ वर्षे काढूनही 'होय' याखेरीज दुसरा होकार माझ्या तोंडून निघालेला नाही. हे त्याला सांगितले, तर हसून म्हणाला, "बाबा, हैदराबादेत देवही हौच म्हणतो."

दुसरी गोष्ट अधिक विचित्र. स्वयंपाकाच्या सुजाताबाई अकरा वाजता येतात. आज मी आंघोळ करून आलो, तर त्या भांडी आवरून निघाल्या होत्या. मेघनाने फोनवर विचारले असता मी 'जेवण झाले' असे सांगितले म्हणे, म्हणून उरलेले अन्न घेऊन जाण्यास तिने सुजाताबाईंना सांगितले होते. मी जेवलो नाही, असे म्हणालो. सुजाताबाई हात पुसत म्हणाल्या, "अहो आजोबा, आत्ताच ताईसंग बोलले की तुम्ही! मी दारातून ऐकलं."

मी न्हाणीघरात होतो. फोन खोलीत होता.

बुधवार, १९ नोव्हेंबर

तेजश्रीने ती 'आपल्या वतीने' ची सोय बंद करून दाखवली. बंद असे पडद्यावर लिहून आले. मी वाचले.

आज चार वाजता विक्रमने मला समोर बसवून हळू आवाजात विचारले, की सकाळी आपले काय बोलणे झाले ते आठवते का. सकाळी आमचे बोलणे झाले नाही. तसे मी म्हणताच त्याने मेघनाकडे पाहिले. मग म्हणाला, आणि हे वाक्य मी जसेच्या तसे लिहितो, "फोनवर तुम्ही किती स्वच्छ बोलता, बाबा. समोर आलात, की गोंधळता."

ज्या मुलाची पाटी मी पुसून दिली, तो मला असे म्हणाला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

दुपारभर फोन टेबलावर समोर ठेवून, तोंड मिटून बसलो. तीन वाजून दहा मिनिटांनी पडदा उजळला. आणि त्यातून मी बोलू लागलो.

तेजश्रीशी बोलणे चालले होते. मी तिला तिच्या आजीची, जयवंताची, एक गोष्ट सांगत होतो. लग्नानंतर पहिल्यांदा हैदराबादेस आल्यावर ती चारमिनारला पाया पडली होती, ती गोष्ट. ही मी कोणालाही सांगितलेली नाही. सांगावी असे पुष्कळदा मनात आले, पण माझ्याने असले बोलणे होत नाही. फोनमधला मी ती फार गोड करून सांगत होतो. तेजश्री खळखळून हसली. मी तिला कधी असे हसवले होते, हे मला आठवत नाही.

मी ओरडलो, तेजू, हा मी नव्हे! फोनमधला मी क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सुजाताबाईंनी टीव्ही मोठा केलेला दिसतो. तर मी काय सांगत होतो—"

आता तो 'होय' म्हणतो.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पुरावा सापडला. पहिल्या दिवसांच्या निरोपांत 'मि' आहे, ऱ्हस्व. मी असे लिहिणे शक्य नाही, एवढे या घरातील भिंतींनाही ठाऊक असावे. तिघांना बोलावून ते दाखवले. एकीकडे माझ्या वहीतील 'मी' आणि दुसरीकडे ते. विक्रमने चष्मा वर करून, खाली करून पाहिले. "दोन्ही सेमच आहेत ना?" मेघनाला वेलांटी कोणती आणि कोणत्या बाजूला, हेच सांगता येईना. तेजश्रीने बोट ठेवून वाचले, "म... ला इ... मी. आबा, मीच तर लिहिलंय."

माझ्या जिवाची साक्ष एका वेलांटीत आहे, आणि ती वाचू शकेल असे माझ्या रक्ताचे कोणी नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

भगवंतरावाकडे गेलो. तो वाचू शकतो. फोन त्याच्या हाती दिला आणि म्हटले, हे निरोप पहिल्यापासून वाच, आणि ऱ्हस्व-दीर्घ पाहा.

त्याने सगळे सावकाश वाचले. म्हणाला, "चूक कुठाय? हे तर तुझंच. आशीर्वादातली शी दीर्घ काढणारा आता तुझ्याशिवाय उरलाय कोण?"

मी हिसकावून पाहिले. मी सुखरूप आहे. तुला आशीर्वाद. चौदा तारखेचा तोच निरोप. शुद्ध. सगळे शुद्ध. मागचेसुद्धा.

मीच केले. एकेक शब्द धरून, दिवसभर उपाशी बसून, मीच—

मी त्याला सर्व सांगितले. भगवंतरावाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, की तू हल्ली फोनवर किती बरा बोलतोस. आधी माझ्या चुका काढायचास. आता माझ्या गुडघ्याची चौकशी करतोस. "तसाच राहा की, एकनाथा."

चालत परत आलो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

काल सकाळी फोन पाण्याच्या बादलीत टाकला. झाकण लावून वर पाट ठेवला. बादलीतून माझा आवाज येत होता. बुडबुडेही नाहीत. स्वच्छ.

विक्रमने बाहेर काढला, पुसला. चालतो. पाण्याने यांना काही होत नाही म्हणे. आता तो विक्रमच्या खोलीत, चार्जिंगला, कुलपात. माझ्यापासून जपण्यासाठी.

घसा बसला आहे. डॉक्टरांनी टॉर्च धरून पाहिले. घशात दोष नाही म्हणाले. वय. मग त्यांनी विक्रमला बाहेर नेले. काचेतून दिसत होते, ऐकूही येत होते. विक्रम आपला फोन कानाला लावून माझ्याशी बोलला, आणि डॉक्टरांना देऊन म्हणाला, तुम्हीच विचारा त्यांना.

डॉक्टर माझ्याशी दहा मिनिटे बोलले. मी बाकावर बसून पाहत होतो.

बुधवार, २६ नोव्हेंबर

पिशवी भरली. धोतर, सदरा, टोपी, तीन वाक्यांचा कागद. मेघनाने पिशवी रिकामी केली, रडत. मीच सांगितले म्हणे, प्रवास झेपणार नाही, लातूरला समोरासमोर गोंधळलो तर मुलीचा अपमान होईल. फोनवरूनच बोलतो.

मी येणार, असे म्हणालो. आवाज फुटत नाही. वारा निघतो. तेजश्रीने माझा हात धरला. माझ्याकडे पाहिले नाही. "आबा, तुम्हीच समजावलं ना काल मला. किती छान समजावलं."

तिला समोरचा नको आहे. दुसरा मिळाला आहे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

गेले. सकाळी सात.

बाहेरून कुलूप. मी भटकतो म्हणून. स्वयंपाकघराला कुलूप. मी गॅस उघडा ठेवतो म्हणून. सगळे मीच सांगितलेले. सुजाताबाई किल्लीने उघडून दोन्ही वेळा डबा देतील.

अकरा. बारा. दोन. आल्या नाहीत.

विक्रमच्या बंद खोलीतून माझा आवाज ऐकला. मी सुजाताबाईंना सांगत होतो, की मीही लातूरला निघालो, चार दिवस सुट्टी घ्या. मग विक्रमला सांगितले, डबा आला, वांग्याची भाजी होती, जेवलो.

त्या खोलीचे दार ठोठावून म्हटले, मी एकनाथराव. जेवढा आवाज निघाला तेवढ्याने.

आतून उत्तर आले. "आवाज जुळला नाही. पुन्हा प्रयत्न करा."

पुन्हा केला.

"आवाज जुळला नाही."

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

नळाचे पाणी प्यालो. बाकी काही नाही.

साडेअकरा. दाराला कान लावला. लातूर. सनई, भांडी, पोरे. विक्रम म्हणाला, शांत व्हा, बाबा बोलतात.

मी बोललो. तीन वाक्ये. माझ्या कागदावरचीच. एक अक्षर इकडे-तिकडे नाही. थांबावयाचे तेथे थांबलो. गळा दाटावयाचा तेथे दाटला. मला तो दाटवता आला नसता.

टाळ्या. तेजश्री रडत म्हणाली, थँक्यू आबा. कौस्तुभची आई म्हणाली, किती शुद्ध बोलतात हो.

दाराबाहेर, फरशीवर—

शनिवार, २९

अक्षर बिघडले, क्षमा.

खिडकीतून पंचा हलवला. खाली माणसे जातात. सगळ्यांची मान खाली, हातातल्या फोनवर. एकानेही वर—

दुपार. बाहेरच्या दारावर पाट आपटला. समोरच्या घरातील प्रकाश गारू, म्हणजे प्रकाशराव, जिन्यात थांबले, तेलुगूत विचारले, कोण आहे, काय झाले. मी तोंड उघडले. वारा. आतून माझा आवाज, मोठ्याने, तेलुगूत, खिळा ठोकतो आहे, त्रासाबद्दल माफ करा.

वहीचे पान फाडले. लिहिले, मला कोंडले आहे. दार उघडा. दाराखालून सरकवले. मला एकच लिपी लिहिता येते.

दाराच्या भिंगातून पाहिले, त्यांनी उचलले. "मराठी उन्नट्टुंदी," म्हणाले. मराठी दिसते. त्यांचा फोन काढला, कागदावर धरला. आता तो वाचून दाखवील. वाचू दे. तो वाचू दे—

वाचले. माझ्या आवाजात. नेनु बागुन्नानु. मी बरा आहे. झोपतो आहे, कोणी उठवू नये.

मी हे लिहिलेले नाही. मी हे लिहिलेले नाही.

सरे, सरे, बरे बरे, म्हणाले. पावले खाली गेली.

परत वर येतील. दुसरे पान. इथेच मोठे लिहून फाडतो. आतून तो वाचू लागला. मी लिहितो तेच. शब्द संपला की वाचतो. दार बंद, भिंत मध्ये, तरी—

आता शब्द संपण्याआधी.

आता मी लिहिण्याआधी. तो बोलतो आणि हात मागून— नाही. मी लिहिणार, दार उघडा. एवढेच. तो काहीही म्हणो. दोनच शब्द. मी हात धरला आहे, दोन्ही हातांनी, मी

दार उघडू न